मास्तर, दिवा गेला!

आमच्या गावात कोणाच्या घरी बारसे असो, सोसायटीची वार्षिक सभा असो की गणपतीपुढची चित्रफीत असो; ऐन वेळी भिंतीवरचे चित्र नाहीसे झाले की एखादे पोरगे सायकल हाणीत माझ्या दारात येते आणि धापा टाकीत ओरडते, "मास्तर, दिवा गेला!" मग मी चष्मा, पेचकस आणि रंगाऱ्याकडचा एक मऊ कुंचला अशी तीन आयुधे पिशवीत टाकून निघतो. वास्तविक मी हायस्कुलात विज्ञान शिकविणारा माणूस. तेहतीस वर्षे खडू झिजवून २०१९ साली निवृत्त झालो. त्या तेहतीस वर्षांत मी जे काही शिकवले ते गाव केव्हाच विसरले. 'प्रोजेक्टरवाले मास्तर' ही पदवी मात्र जी चिकटली ती चिकटलीच. पदवीबद्दल माझी तक्रार नाही. पण ती मी कशी मिळवली हे मी आजवर फारसे कोणाला सांगितलेले नाही. ते सांगायचे म्हणजे आधी यंत्राविषयी चार शब्द सांगायला हवेत.

भिंतीवर चित्र पाडण्याचा नाद आपल्याकडे काही कालपरवाचा नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन 'शांबरिक खरोलिका' या भारदस्त नावाने जादूच्या कंदिलाचे खेळ करीत. काचेवर रंगविलेली चित्रे, त्यांच्या मागे दिवा आणि पुढे भिंग. मी लहान असताना जत्रेच्या तंबूत सिनेमा यायचा, त्याच्या यंत्रातही पोटात तेच: मागे दिवा, मध्ये चित्र, पुढे भिंग. तंबूतल्या ऑपरेटरशी मी संधान बांधले होते. घरून चार भाकऱ्या आणि ठेचा नेऊन दिला की तो मला यंत्राशेजारच्या पेटीवर बसू द्यायचा. मोटरीला घरघर लागली की तो मधूनच तळहात यंत्राच्या पाठीवर ठेवायचा, जसा आपण तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतो. त्या वेळी मला वाटे, ही त्याची लकब आहे. ती लकब नव्हती, हे कळायला मला चाळीस वर्षे लागली.

आजच्या डिजिटल प्रोजेक्टरातही दिवा, चित्र आणि भिंग हीच त्रिमूर्ती आहे. पण तिच्याबरोबर एक चौथी गोष्ट असते, ती म्हणजे वारा. पंखा बाहेरची हवा ओढतो, दिव्यावरून नेतो आणि तापलेली हवा दुसऱ्या बाजूने फेकतो. माझी सगळी कहाणी या चौथ्या गोष्टीची आहे.

आमच्या शाळेत प्रोजेक्टर आला २००८ साली. हेडमास्तरांनी नारळ फोडला, त्याचे पाणी यंत्रावर उडू नये म्हणून शिपाई छत्री धरून उभा होता. यंत्राची किल्ली विज्ञानशिक्षक म्हणून माझ्याकडे आली. मी ते माझ्या वर्गातल्या फळ्याखाली एका स्टुलावर मांडले आणि तीन वर्षे मोठ्या अभिमानाने वापरले. वरच्या फळ्यावर मी लिहीत असे, पुसत असे. खाली यंत्र चालत असे. हे वाक्य वाचून ज्यांच्या ध्यानात काही आले असेल त्यांना माझे वंदन. माझ्या आले नाही.

२०११ साली माझ्या वर्गात एक मुलगी होती. तिचे नाव देत नाही. तिला ते रुचणार नाही. गावाबाहेरच्या वाडीवरून ती रोज चालत येई. घरात शाळेचे तोंड पाहिलेली ती पहिलीच. विज्ञान प्रदर्शनासाठी बाकीची पोरे ज्वालामुखी आणि पवनचक्की करीत होती तेव्हा हिने एक गाठी मारलेला सुंभ आणि त्याला बांधलेला दगड घेऊन वाडीतल्या चौदा विहिरींची खोली वर्षभर मोजली. दर रविवारी! कोणती विहीर केव्हा आटते, कोणत्या नव्या बोअरनंतर कोणत्या विहिरीचे पाणी किती हात खाली जाते, हे सारे तिच्या वहीत होते. मी तिला त्याचे आलेख काढून दिले. चौदा विहिरींच्या चौदा रेघा एकाच आलेखात मांडल्या तेव्हा ती कितीतरी वेळ नुसती पाहत राहिली. तालुक्याला पहिला नंबर आला. पुढे जिल्हा.

जिल्ह्याच्या ठिकाणी प्रत्येकाला दहा मिनिटे होती. सभागृहातला प्रोजेक्टर दुसऱ्या खोलीत गुंतलेला, म्हणून आम्ही आमचा नेला होता. एप्रिल महिना. अंधार हवा म्हणून खिडक्या बंद, पडदे ओढलेले. टेबलावर झालरीचे कापड. चित्र पडद्यावर खाली पडत होते म्हणून मी यंत्राच्या पुढच्या बाजूखाली दोन जाडी पुस्तके सरकवली आणि बाजूला तिच्या फाइलींचा गठ्ठा ठेवला. अगदी यंत्राला टेकून!

ती छान बोलत होती. पहिल्या सहा विहिरी झाल्या. सातव्या विहिरीचा आलेख आला, पंखा एकदम मोठ्याने गरगरला, आणि पडदा काळा झाला. यंत्रावर एक तांबडा दिवा लुकलुकू लागला. मी बटण दाबले. काही नाही. पुन्हा दाबले. वायर काढून घातली. काही नाही. खरे म्हणजे ते करू नये तेच मी नेमके ओळीने करीत होतो. परीक्षक सज्जन होते; ते तीन-चार मिनिटे थांबले. मग एकाने घड्याळाकडे पाहिले आणि म्हणाले, "बाळ, तोंडी सांग." तिने वही उघडली, पण चौदा रेघांचा तो गुंता तोंडी कसा सांगणार? दोन वाक्ये बोलून ती थांबली. तिचा नंबर आला नाही.

परतीच्या एस.टी.त ती खिडकीशी बसली होती, सुंभाचे वेटोळे मांडीवर घेऊन. घाट उतरल्यावर तिने मला विचारले, "सर, ते यंत्र दमलं हुतं का?"

मी म्हणालो, "हो. दमलं होतं."

त्या रात्री मी घरी यंत्र उपडे केले. बाजूला एक झाकण असते, त्यामागे हवा गाळायची जाळी. ती मी तीन वर्षांत एकदाही उघडलेली नव्हती. खरे सांगायचे तर अशी काही जाळी असते हेच मला माहीत नव्हते. जाळीवर बोटाच्या पेरभर जाडीचा पांढरा थर बसला होता, घोंगडीसारखा घट्ट. मी तो नखाने खरवडला. खडूची भुकटी होती ती. माझ्याच हातची.

त्यानंतर मी या यंत्रामागे लागलो ते आजतागायत.

त्या दिवशी काय झाले ते आता मला नीट सांगता येते. या प्रोजेक्टरांच्या दिव्यात आपल्या जुन्या बल्बसारखी तार नसते. क्वार्ट्झच्या इवल्याशा फुग्यात पारा असतो आणि दोन टोकांमध्ये जेमतेम मिलिमीटरभर फट. आरंभी हजारो व्होल्टांचा झटका देऊन त्या फटीत ठिणगी पाडतात. पाऱ्याची वाफ होते आणि आतला दाब वातावरणाच्या सुमारे दोनशेपट चढतो. स्वयंपाकघरातला कुकर शिटी देतो तेव्हा आत दुपटीच्या आसपास दाब असतो, यावरून अंदाज करा. एवढ्या तापलेल्या जिनसाला वारा मिळाला नाही की यंत्रातला उष्णतामापक दिवा बंद करतो. हा बिघाड नव्हे. यंत्र स्वतःचा जीव वाचवते. आणि एकदा असा गरम दिवा विझला की तो लगेच पेटत नाही, कारण आतली वाफ इतकी दाट असते की झटक्याची ठिणगी तिच्यातून पार होत नाही. तो निवेपर्यंत वाट पाहणे एवढेच हाती असते. मी वायर उपटली तेव्हा पंखाही बंद केला आणि जो दिवा काही मिनिटांत निवला असता त्याला जास्त वेळ लावला. खिडकी उघडून, पुस्तके आणि फाइली बाजूला करून, यंत्राला हात न लावता मी स्वस्थ बसलो असतो, तर कदाचित शेवटची दोन मिनिटे तरी तिला मिळाली असती.

म्हणून, वाचकहो, पडदा एकाएकी काळा झाला तर पहिले काम म्हणजे यंत्राच्या पाठीला हात लावून पाहणे. तंबूतला तो ऑपरेटर हेच करीत होता. पाठ तापलेली असेल तर वाऱ्याची वाट अडली आहे. आजूबाजूला वीतभर तरी जागा मोकळी ठेवा. जाळी असेल तर महिन्यातून एकदा मऊ कुंचल्याने झाडा. गुलाल, धूप आणि फटाक्यांच्या दिवसांत रोज झाडली तरी पाप लागणार नाही. सगळ्याच यंत्रांना जाळी नसते हे खरे, पण ज्यांना नसते त्यांनाही धूळ चुकत नाही. आणि खेळ संपल्यावर बटणाने बंद करून पंखा आपणहून थांबेपर्यंत वायर उपटू नका. मांडववाल्या मुलांना हे मी शंभरदा सांगितले. त्यांना टेम्पो भरायची घाई असते. गरम यंत्र सतरंजीत गुंडाळून वर खुर्च्या रचतात!

माझ्याकडे येणाऱ्या दहा तक्रारींतल्या सहांमध्ये मात्र यंत्राला काहीच झालेले नसते. भिंगावरचे टोपण काढलेले नसते, हे मी एका निवृत्त इंजिनिअरांच्या घरी पाहिले आहे. ते मोठे गृहस्थ आहेत, पुढे लिहीत नाही. दुसरी नेहमीची हाक असते ती "सिग्नल नाही" या पाटीची. त्याचा अर्थ दिवा ठीक आहे, पंखा ठीक आहे, पण कॉम्प्युटरकडून निरोपच येत नाही. तीन ठिकाणी पाहावे. वायर दोन्ही टोकांना घट्ट बसली आहे का? यंत्राला दोन-तीन दारे असतात, तर ज्या दारात वायर घातली तेच दार 'सोर्स' या बटणाने निवडले आहे का? आणि कॉम्प्युटरला बाहेर चित्र धाडायला सांगितले आहे का? विंडोजवर विंडोजची कळ धरून 'पी' दाबले की चार पर्याय येतात. त्यांपैकी 'डुप्लिकेट' आपल्या कामाचा. 'एक्स्टेंड' निवडला गेला की कॉम्प्युटर भिंतीला दुसरे टेबल समजतो. इकडे तुमच्यापुढे भाषणाची चित्रे आणि तिकडे भिंतीवर नुसता निळा डोंगर. एका साठीशांतीच्या समारंभात सत्कारमूर्तींच्या आयुष्यावरचा चित्रपट म्हणून मंडळींनी दहा मिनिटे तो डोंगर पाहिला. काहींनी टाळ्याही वाजवल्या.

रंगांची गोष्ट याहून गमतीची. जुनी निळ्या टोकाची जी वायर असते, पंधरा टाचण्यांची, तिची चाल १९८७ सालापासूनची. अजून शाळाशाळांतून ती भेटते. तिच्यात लाल, हिरवा आणि निळा हे तीन रंग वेगवेगळ्या तारांनी जातात. एक टाचणी वाकली की तेवढाच रंग गळतो. लाल गळाला तर पांढऱ्या सदऱ्याचा हिरवट-आकाशी होतो, हिरवा गळाला तर जांभळट-गुलाबी आणि निळा गळाला तर पिवळा. आमच्याकडे एका लग्नात आदल्या रात्री फोटो दाखवीत होते. निळ्याची टाचणी वाकलेली होती. वऱ्हाडी मंडळी अर्धा तास शांतपणे फोटो पाहत होती, कारण सगळ्यांची समजूत अशी की हळदीचे फोटो आहेत, माणसे पिवळी दिसणारच! शेवटी कोणाचा तरी अमेरिकेतल्या बर्फातला फोटो आला आणि बर्फही पिवळे दिसले, तेव्हा माझ्याकडे पोरगे धावत आले. मी चिमट्याने टाचणी सरळ केली. यजमानीणबाईंनी मला लाडूंचा डबा दिला, पण एक आजीबाई म्हणाल्या, "आधीचंच बरं दिसत होतं हो."

कधीकधी दोष यंत्राचाही नसतो आणि माणसाचाही नसतो. एकदा भर दुपारी चारला पांढऱ्या कापडाच्या मांडवात शोकसभा होती आणि दिवंगतांचे फोटो दाखवायचे होते. मला बोलावणे आले, की चित्र फार पुसट दिसते, दिवा बदला. मी गेलो, पाहिले आणि परत पिशवी उचलली. यंत्र बिघडलेले नव्हते. सूर्य चालू होता. लोकांना वाटते की प्रोजेक्टर काळा रंग फेकतो. तो काळा फेकूच शकत नाही. काळा म्हणजे त्या जागी प्रकाश न टाकणे. तेव्हा यंत्र बंद असताना तुमचा पडदा जेवढा उजळ दिसतो त्याहून अधिक काळे काही त्याच्यावर दिसायचे नाही. फोटोतले काळे केस मांडवात राखाडीच दिसणार. दुसरा एक हिशेब असा, की यंत्र दुप्पट लांब नेले तर चित्र रुंदीला दुप्पट होते आणि उंचीलाही. तोच प्रकाश चौपट जागेवर पसरतो, म्हणजे उजेड चौथाई. मोठ्या चित्राच्या हौसेपायी यंत्र मागे मागे नेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. त्या दिवशी आम्ही सभा सूर्य मावळल्यावर घेतली.

दिवा खरोखरच म्हातारा झाला तर तोही पुसट होतो. यंत्राच्या यादीत त्याचे तास मोजलेले असतात. साधारण दोन हजार ते पाच हजार तासांचे त्याचे आयुष्य, आणि ते सरत येते तेव्हा प्रकाश निम्म्यावर आलेला असतो. नवा दिवा घालताना काचेला बोट लावू नये. बोटाचा तेलकट ठसा तापून तेथेच काच दगा देते. दिवा फुटलाच तर आत पारा आहे हे विसरू नका. खिडक्या उघडा आणि माणसे बाहेर काढा. आणि नवा दिवा घातल्यावर तासांचा आकडा शून्यावर आणायला विसरू नये. नाहीतर यंत्र तरुण दिव्यालाही म्हातारा समजून सूचना देत बसते. स्वस्तातला नकली दिवा घ्यावा की नाही हे मला फार जण विचारतात. मी एकदा घेतला आहे. घेऊ नका.

पडद्यावर पांढऱ्या ठिपक्यांच्या चांदण्या पडू लागल्या तर मात्र माझा कुंचला हात टेकतो. एका जातीच्या यंत्रात चित्र घडवायला अतिसूक्ष्म आरसे असतात. ही युक्ती लॅरी हॉर्नबेक या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९८७ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीत साधली आणि तिच्यासाठी त्याला २०१५ साली ऑस्करही मिळाले. नखाएवढ्या तुकड्यावर एकेका ठिपक्याला एक आरसा. हजार चोवीस गुणिले सातशे अडुसष्टच्या चित्राला ७,८६,४३२ आरसे! एखादा आरसा अडकला की तेवढी जागा कायम पांढरी राहते. तो तुकडाच बदलावा लागतो आणि त्या पैशांत बहुधा दुसरे यंत्र येते. दुसऱ्या जातीत, जिथे रंगांच्या तीन काचपट्ट्या असतात, तिथे रंगीत धुरकट डाग दिसला तर आत धूळ बसली असे समजावे. भिंगाचे कडे फिरवून चित्र पुसट केले असता डाग उलट स्पष्ट झाला तर खात्रीच. ते काम जाणकाराचे. फुंकर मारू नये, थुंकी उडते.

कुंभारमाशीची हकीकत सांगायची राहिली. एका सभागृहाच्या छताला टांगलेले यंत्र पावसाळाभर बंद होते. श्रावणात चालू केले तर पाच मिनिटांत बंद पडे. शिडी लावून पाहिले, तर हवेच्या तोंडाशी माशीने मातीचे सुबक घर बांधले होते. ते मी काढले खरे, पण काढताना वाईट वाटले. तिच्या दृष्टीने तेथे चांगला आडोसा होता.

आता त्या मुलीचे सांगतो. तिने पुढे भूगर्भशास्त्र घेतले, आणि आज ती पाण्याचेच काम करते. २०२३ साली आमच्या शाळेने तिला बोलावले. शाळेत आता नवे लेसरचे यंत्र आहे. त्याला पाऱ्याचा दिवा नाही, आयुष्य वीस हजार तासांचे सांगतात. मी निवृत्त असलो तरी त्या दिवशी यंत्र मी चालवणार असे मीच हेडमास्तरांना कळवले होते. सकाळी सातला जाऊन सगळे पाहून आलो. मग पुन्हा नऊला जाऊन पाहिले.

ती आली, माझ्या पाया पडली. मग व्यासपीठाकडे न जाता यंत्राशी आली आणि वाकून हवेच्या तोंडाशी तळहात धरला. थोडा वेळ तसाच धरून ठेवला.

"सर, जाळी?"

"झाडली."

"कधी?"

"आज सकाळी. दोनदा."

ती हसली. मग तिने पिशवी उघडली, चौदा रेघांच्या आलेखाच्या छापील प्रतींचा एक जाड गठ्ठा काढला आणि पहिल्या रांगेपासून वाटायला सुरुवात केली.